कान कुणाच्या खात्याचा?

पंचायत समितीच्या आमच्या गणात बाईची जागा पडली, तेव्हा गावातल्या तीन-चार पुरुषांनी आपापल्या बायकांची नावं मनात धरून ठेवली होती. माझ्या नवऱ्यानं धरलं नव्हतं. तो वडखळ नाक्यावरून कंपनीच्या बसनं धाटावला शिफ्टला जायचा, यायचा, जेवायचा आणि झोपायचा. मीच एकदा त्याला ताट वाढता वाढता म्हटलं, "मी उभी राहते." त्यानं भात कालवताना वर पाहिलं आणि विचारलं, "बसलेली कधी असतेस तू?"

खोटं नव्हतं ते. माझं माहेर कोलाडच्या बाजूला, भाताचं आणि वालाचं गाव. तिथं पाणी गोडं, चालायला बांध, बसायला सावली. सासर पेणच्या खाडीकाठी. खारी जमीन, मिठागरं आणि उन्हात चमकणारं पांढरं रान. लग्न होऊन आले तेव्हा त्या उघड्यावाघड्या सपाटीकडं बघून मला एका जागी थांबवत नसे. मग मी गावात बालवाडी चालवली, बचत गट काढला. सासूबाई म्हणायच्या, "हिच्या पायाला भिंगरी लागलेय." कौतुकानं म्हणायच्या की वैतागानं, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

तर मी निवडून आले.

मासिक सभा म्हणजे काय, ते पहिल्या दोन-तीन खेपांतच उमगलं. लांब टेबल, वर गरगरणारा पंखा, मधोमध सभापती. एकेक खात्याचे साहेब उठायचे, आढावा वाचायचे आणि बसायचे. शिक्षणाचे साहेब सांगायचे, अमुक शाळा सुरू, पट अमुक. मग आरोग्याचे साहेब सांगायचे, शाळांतली मुलांची तपासणी पूर्ण. चहा यायचा. मला तो चहा गिळवत नसे. सगळं पूर्ण, सगळं सुरू, सगळं समाधानकारक. आणि मी सकाळी घरून निघताना पाहिलेली पोरं तर तशीच, शेंबडी, खरजेनं खाजवणारी, दुपारपर्यंत झोपाळलेली. माझे पाय टेबलाखाली हलत राहायचे. शेजारचे सदस्य एकदा हळूच म्हणाले, "ताई, टेबल हलतंय."

त्या वर्षी पावसाआधी मी आमच्या गावच्या शाळेत गेले होते. काम साधंच होतं, खिचडी शिजवायची शेड गळत होती ती बघायची. मुख्याध्यापक गुरुजी वरघाटाकडचे, अंगानं थोराड, मनानं सरळ. आम्ही ओट्यावर उभे राहून पत्र्यांचं बोलत होतो. समोर पोरं ओळीनं बसली होती. शेवटी एक पोरगी. आठ-नऊ वर्षांची असेल. बाकीची पोरं गडबड करत होती, ही एकेकाच्या तोंडाकडं टक लावून बघत होती.

मी विचारलं, "ती कोण हो?"

"तिसरीतली आहे. गरीब आहे स्वभावानं, पण डोक्यात काही शिरत नाही," गुरुजी म्हणाले. "मंद आहे जरा."

तेवढ्यात खिचडीवाल्या बाईच्या हातातून ताटांची चळत निसटली. फरशीवर असा काही आवाज झाला की मी दचकले, शेडवरचे कावळे उडाले, सगळ्या पोरांच्या माना गरकन वळल्या. त्या पोरीची वळली नाही. तिनं आधी इतरांकडं पाहिलं, सगळे कुठं बघतायत ते पाहिलं, आणि मग तिकडं मान वळवली.

मी ओटा उतरून तिच्याजवळ गेले. जवळ जाताच वास आला. एका कानात तेलात भिजवलेल्या चिंधीचा बोळा. दुसऱ्या कानातून पाणी वाहून गालावर सुकलेलं.

कान फुटणं ही आमच्याकडं काही बातमी नव्हे. खाडीच्या, तळ्याच्या पाण्यात डुंबणारी पोरं. घराघरात एखाद्याचा कान वाहतच असतो. लोक त्याला आजार म्हणतच नाहीत. पण ही पोरगी मंद नव्हती. तिला ऐकू येत नव्हतं, आणि तीन वर्षं ती लोकांची तोंडं बघून वर्गात बसत होती.

"गुरुजी, डॉक्टर आले होते ना तपासणीला?"

"आले होते तर. त्यांनीच कान बघितला. संदर्भित केलंय तिला. मी तिच्या आईला बोलावून सांगितलं, अलिबागला मोठ्या इस्पितळात न्या म्हणून."

"मग नेलं?"

गुरुजींनी टोपी काढून डोकं खाजवलं. "ते काही मला कळलं नाही."

मी तशीच आरोग्य केंद्रात गेले. तिथली डॉक्टर तरुण होती, नुकतीच नेमणूक झालेली, आणि तिच्या दाराशी बायकांची रांग होती. तिनं मला रांग मोडून आत घेतलं, पण हात थांबवला नाही. एका बाळाला तपासता तपासता बोलली. "ताई, मी पाठवते. माझ्याकडं कानाची दुर्बीण-बिर्बीण काही नाही, म्हणून पुढं पाठवते. ते मूल तिकडं पोचलं का, हे मला कोण सांगणार? शाळेनं सांगायला हवं ना?"

शाळा म्हणत होती, दवाखान्यानं सांगायला हवं. दोघंही खोटं बोलत नव्हते, आणि त्याचीच मला जास्त चीड आली. कुणी हरामखोर असता तर त्याला धरता आलं असतं.

पुढच्या सभेत आरोग्याच्या साहेबांनी आढावा वाचून झाल्यावर मी उभी राहिले. विचारलं, "ज्या मुलांना तुम्ही तपासून पुढं पाठवलं, त्यातली पोचली किती?"

साहेब म्हणाले, "पाठवण्याचं काम आमचं, मॅडम. मुलं शाळेची आहेत. न्यायची जबाबदारी शाळेनं आणि पालकांनी घ्यायची."

शिक्षणाचे साहेब लगेच ताठ झाले. "म्हणजे शिक्षकानं वर्ग उघडा टाकून इस्पितळात जायचं? आजार हा आरोग्याचा विषय आहे."

"साहेब," मी म्हटलं, "मग पोरीचा कान कुणाच्या खात्याचा?"

सभागृह हसलं. मी विनोद केलाच नव्हता. मी बसले नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "ताई, बसा आता, जेवणं व्हायचीत." मी उभीच. पुढचा विषय वाचायला घेतला, तरी उभीच. काय करायचं ते मलाही माहीत नव्हतं. एवढंच कळत होतं की बसले तर हा विषय माझ्याबरोबर बसणार.

सभापती जुने गृहस्थ, भाताच्या गिरणीचे मालक. चष्म्यावरून त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाले, "पुढच्या महिन्यापासून सभेच्या आधी दोन्ही साहेबांनी एका खोलीत बसायचं. डॉक्टर आणि मुख्याध्यापकांना बोलवायचं. पाठवलेलं एकेक पोर घ्यायचं आणि त्याचं पुढं काय झालं ते सांगायचं. ताई तिथं हजर राहतील." आणि माझ्याकडं वळून, "म्हणजे इथं आम्हाला जेवू द्याल ना?"

पहिली बैठक भांडणासारखीच झाली. डॉक्टरीण आणि गुरुजी इतके दिवस एकाच रस्त्यानं येत-जात होते, पण समोरासमोर बसले ते त्या दिवशी पहिल्यांदा. गुरुजी म्हणाले, तुम्ही येता त्या दिवशी निम्मी पोरं आईबापाबरोबर मिठागरावर गेलेली असतात. डॉक्टरीण म्हणाली, मग मला आधी का सांगत नाही? गुरुजी म्हणाले, तुम्ही विचारलं कधी? दोघांचे आवाज चढले. मी मात्र मनातून खूश होते. भांडत होते, म्हणजे बोलत होते. शेवटी ठरलं की आरोग्याची जीप द्यायची, बरोबर एक शिक्षक द्यायचा, आणि पहिली फेरी आमच्या शाळेची.

तो दिवस आला. पोरं तेल लावून, भांग पाडून ओट्यावर उभी. जीप आली. ती पोरगी नव्हती.

मी तिच्या घराकडं धावले. दाराला कडी. शेजारीण सुपात तांदूळ पाखडत होती. ती म्हणाली, "ती गेली गो रोह्याकडं बिऱ्हाड घेऊन. मिठागर बंद पडलं ना. तिच्या दादल्याला धाटावला कंत्राटी काम मिळालाय."

मी परत आले तेव्हा जीपचं इंजिन चालूच होतं. गुरुजी हळू आवाजात म्हणाले, "ताई, आता ती आपल्या पटावर नाही." डॉक्टरीण म्हणाली, "रोहा माझ्या हद्दीत येत नाही." जीप बाकीच्या पोरांना घेऊन गेली. मला आनंद व्हायला हवा होता. एवढी पोरं पहिल्यांदाच जात होती. पण मी ओट्यावर येरझारा घालत राहिले. जिच्यासाठी उभी राहिले तीच गाडीत नव्हती.

त्या संध्याकाळी नवऱ्याला म्हटलं, चौकशी कर. तो बोलत नसे फार, पण कामाला चोख. कंपनीच्या गेटवर कंत्राटी लोकांत विचारून त्यानं दोन-चार दिवसांत पत्ता आणला: धाटावच्या पलीकडं एका गावात भाड्याच्या खोल्या आहेत, तिथं.

मी वडखळ नाक्यावर एसटी पकडली. गाडीत बसल्यावर जाणवलं, आता मी कुणीच नाही. नागोठण्याच्या अलीकडंच माझा तालुका संपला. तिथल्या कुठल्या कार्यालयात मला खुर्ची नव्हती, कुणाला विचारायचा हक्क नव्हता. कोलाडला गाडी थांबली तेव्हा उतरून आईकडं जावंसं वाटलं. नाही उतरले.

खोल्या सापडल्या. पोरगी दाराशी बसून तांदूळ निवडत होती. तिची आई आत चुलीशी. मला बघून ती उठली आणि मोठ्यानं म्हणाली, "काय गो? निवडणूक आली?"

"नाही. पोरीच्या कानासाठी आले."

"मतं मागाया एवढ्या लांब कोण येतंय, तवा म्हटलं काय काम हाय." तिनं मला पाट दिला, पाणी दिलं, पण चेहरा सैल सोडला नाही. "कान तर आमच्यात सगळ्यांचाच फुटतो. माझा बी फुटला व्हता. मेले काय मी?"

मी खाली मान घालून पाणी पीत पीत म्हटलं, "तुला गुरुजींनी सांगितलं होतं ना, अलिबागला ने म्हणून?"

उत्तर आलं नाही. वर पाहिलं तर ती माझ्याकडं बघत होती, वाट बघितल्यासारखी. मी परत तेच विचारलं, तिच्याकडं बघत. तेव्हा ती म्हणाली, "व्हय, सांगितला व्हता."

 तीही माझं तोंड वाचत होती.

"तुला ऐकू येत नाही?"

तिनं ओढणी सारखी करावी तसा पदर कानावर ओढला. चुलीत लाकूड सारलं. मग बोलली ती एकदम, धबाधबा. "एका कानानं काय सुदीक नाय. दुसऱ्यानं जवळ बोललं तर येतंय. मी कशी नेऊ गो तिला? बाजारात एक बार विचारलं, दोन बार विचारलं, का माणूस खेकसतो. तिकडं मोठ्या इस्पितळात डाक्टर काय सांगंल, कुठच्या खोलीत जा सांगंल, औषध कसा घालायचा सांगंल, मना नाय समजलं तर? लोक हसतील. पोरीचा वाटोळा होईल माझ्यापाई. म्हणून नाय नेली."

इतके महिने आम्ही कुणाचं काम, कुणाची हद्द यावर भांडत होतो. आई निष्काळजी, अडाणी, असं मीसुद्धा मनाशी धरून आले होते. आणि तिनं तर सगळा विचार केला होता, एकटीनं, कुणाला न सांगता.

"मी येते बरोबर," मी तिच्याकडं तोंड करून म्हटलं. "डॉक्टर सांगतील ते मी ऐकते. तुला मी सांगते."

ती माझ्या ओठांकडं बघत राहिली. "आन् ऐन वेळंला सभा हाय म्हणलीस तर?"

"नाही म्हणणार."

पोरगी तिथं शाळेत जातच नव्हती. दाखला आणलेला नव्हता. त्याच दुपारी मी तिला घेऊन तिथल्या शाळेत गेले. मुख्याध्यापिका बाईंनी विचारलं, "तुम्ही कोण?" मी म्हटलं, "कोलाडची माहेरवाशीण." बाई हसल्या. मी सगळं सांगितलं. त्या पोरीला जवळ घेऊन त्यांनी पहिल्या बाकावर बसवलं आणि म्हणाल्या, "दाखला येईल मागून. पोर तर आलंय ना?"

अलिबागला आम्ही किती वेळा गेलो ते आता आठवत नाही. रोह्याची एसटी, मायलेकी शेजारी, मी मागं. कानाच्या डॉक्टरांनी पोरीला तपासलं तेव्हा मी म्हटलं, "हिच्या आईलाही बघा." आई लाजून मागं सरली, पण बसली. आईच्या एका कानाचं काही उरलेलं नव्हतं. दुसऱ्याला मशिन लावता येईल म्हणाले. पोरीच्या डाव्या कानाचा पडदा शिवता येईल, आधी तो कोरडा व्हायला हवा. उजव्याचा भरवसा नाही. थेंब, कापूस, पाण्यापासून जप. मी एकेक गोष्ट आईकडं तोंड करून सांगायची, ती मान डोलवायची, आणि बाहेर आल्यावर मला सगळं परत म्हणून दाखवायची. एक शब्द चुकायची नाही.

ऑपरेशनच्या सकाळी पोरीला आत नेलं आणि आई व्हरांड्यातल्या बाकावर दगडासारखी बसली. मला बसवेना. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत राहिले. थोड्या वेळानं तीच मला म्हणाली, "बस गो. तू फिरतेस तं मना बी बसवत नाय." मी बसले. तिनं माझा हात धरला, तो पोरीला बाहेर आणेपर्यंत सोडला नाही.

पट्टी निघून काही आठवडे झाले होते तेव्हा मी त्यांच्या खोलीवर गेले. मनात काहीबाही चित्रं होती; पोरगी हसेल, काहीतरी गोड बोलेल. पोरगी चिडलेली होती. कंपनीचा भोंगा झाला तशी ती दोन्ही हात कानावर दाबून आईला चिकटली आणि ओरडली, "बंद कर त्याला!" आईला भोंगा ऐकूच आला नव्हता. ती गोंधळून माझ्याकडं बघत विचारत होती, "काय वाजतंय? काय वाजतंय गो?" मी सांगायला तोंड उघडलं, तर पोरीनंच आईचा चेहरा दोन्ही हातांनी आपल्याकडं वळवला आणि सावकाश सांगितलं, "कंपनी. भोंगा."

मी पुढ्यातला चहा प्यायले.

एकत्र बैठकीचं पुढं काय झालं तेही सांगायला हवं. जुने सभापती होते तोवर ती चालली. पाठवलेली पोरं खरंच पोचू लागली. कुणाचे डोळे, कुणाचं हृदय, कुणाचे वाकडे पाय. आईबापांबरोबर शाळेतलं किंवा अंगणवाडीतलं एक माणूस जाईल असं ठरलं, कारण आम्हाला आता कळलं होतं की न जाण्याची कारणं लोकांना विचारल्याशिवाय कळत नाहीत. मग सभापती बदलले. बैठक सभेच्या आधी होती ती सभेनंतर गेली, मग वेळ उरला तर. दोन्ही साहेबांच्या बदल्या झाल्या, नव्यांना हे सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. माझी मुदत संपली आणि जागा दुसऱ्या आरक्षणात गेली. मी भांडून पाहिलं, अर्ज दिले, नव्या सदस्याच्या घरी जाऊन बसले. तो भला होता, पण त्याला रस्ते करायचे होते. आमच्या शाळेत आणि आजूबाजूच्या दोन-तीन शाळांत मात्र पोराबरोबर माणूस जायची रीत टिकली. तेवढीच टिकली. याचं समाधान मानावं असं मला अनेकांनी सांगितलं आहे. मला ते जमलेलं नाही. अजूनही कुठल्या शाळेवरून एसटी गेली की मी खिडकीतून वाकून पोरांच्या कानांकडं बघते, आणि शेजारची बाई माझ्याकडं बघते.

परवा माहेरच्या एका लग्नाला गेले होते. कोलाडच्या स्टँडवर एका तरुण बाईनं मला अडवलं. कडेवर मूल, हातात शिलाईच्या कापडाची पिशवी. मी ओळखलं नाही. तिनं आईचं नाव सांगितलं तेव्हा ओळखलं. दहावीनंतर शिवण शिकली, लग्न झालं, तिथंच जवळ राहते. आई आहे, मशिन लावते, पण बॅटरी वाचवायला घरात काढून ठेवते. मी उजवीकडून काहीतरी विचारलं, तर तिनं सहज माझा खांदा धरून मला डाव्या बाजूला आणून उभं केलं.

"बरं झालं भेटलात," ती म्हणाली. "आमच्या अंगणवाडीत पोरांचं वजनच करत नाहीत. काटा मोडलाय म्हणतात. कधीपासून मोडलाय. बाई म्हणते वर कळवलंय. वर म्हणजे कुठं जायचं मावशी?"

मी तिला सांगायला सुरुवात केली, पंचायत समिती, अमुक खातं, तमुक साहेब, आणि मध्येच थांबले. "आधी ग्रामसभेला जा. आणि एकटी नको जाऊस, आयांना घेऊन जा."

"जाईन हो. पण तिथं सगळे एकदम बोलतात. मला नीट ऐकू नाय येत अशात."

"मग एकेकानं बोला म्हणून सांग त्यांना."

ती हसली. "ऐकतील?"

"नाही ऐकणार लगेच," मी म्हटलं. "दोनदा सांग."

रोह्याची गाडी लागली होती. तिनं मूल दुसऱ्या कडेवर घेतलं आणि गर्दीत कोपरानं वाट काढत चढली.